वडिलांची पद्मिनी की मामांची मारुती ८००?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांच्या घरी, कोल्हापुरात राजारामपुरीत, वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी गेली सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. वडील आता नाहीत. मामांकडं १९९८ची मारुती ८०० आहे, चालू स्थितीत, आणि मामा ती भाच्याला द्यायला तयार आहेत. जागा एकाच गाडीची. रोजच्या कामाला मोटरसायकल आहे. गाडी लागते ती रविवारी जोतिबा-पन्हाळ्याला, अधूनमधून आईला दवाखान्यात न्यायला आणि वर्षातून दोन-तीनदा आंबा घाटानं रत्नागिरीला, सासुरवाडीला. बायकोही गाडी चालवते. तर ह्या दोन्हींत चांगली कोणती आणि ठेवायची कोणती?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर नाही. बैलजोडी चांगली की ट्रॅक्टर, असं विचारल्यासारखं आहे ते. रान कुठलं आणि धनी कोण, त्यावर सगळं. दुसऱ्या अर्ध्याला मात्र उत्तर आहे. पण ते गाडीच्या नावात नाही, तिच्या पोटाखाली आहे. तिथं येतोच.

मी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, ३५ वर्षं हेच गाड्या दुरुस्तीचं काम करतोय. सुरुवात रॉकेलमध्ये नटबोल्ट धुण्यापासून. तेव्हा गॅरेजात निम्म्या गाड्या फियाट असायच्या. पद्मिनीला आमच्याकडं अजूनही फियाटच म्हणतात, नाव बदलून पन्नास वर्षं झाली तरी. मारुती यायला लागल्या तेव्हा आमचे मोठे मेस्त्री बॉनेट उघडून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात इंजिन कुठाय? शिलाई मशीन बसवलंय." पुढं त्याच शिलाई मशिनीवर त्यांनी दोन पोरींची लग्नं केली, ही गोष्ट वेगळी.

एकदा दोन्ही इंजिनं एकाच आठवड्यात टेबलावर उघडी पडली होती. बोअर गेज लावली आणि मलाच गंमत वाटली. पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, ६८ मिलिमीटर, मारुतीचा साडेअडुसष्ट. फरक अर्ध्या मिलिमीटरचा! पद्मिनीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५, मारुतीचा ७२. म्हणजे सिलिंडरचं मडकं जवळजवळ एकाच मापाचं; एकीकडं चार मांडली तर १०८९ सीसी झाले, दुसरीकडं तीन मांडली तर ७९६. आणि ताकद? दोन्हींची ४० अश्वशक्तीच्या अल्याडपल्याड. एक मडकं कमी घेऊन मारुती तेवढंच काम करते, कारण ती जास्त फिरते, श्वास मोकळा घेते. त्यात पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या घरात आणि मारुतीचं साधारण ६५०. सारख्याच ताकदीचे दोन गडी, पण एकाच्या पाठीवर अडीच क्विंटलचं ओझं जास्त. सिग्नलला मारुती पुढं का निघते आणि पेट्रोल कमी का पिते, ह्याचा बराचसा हिशोब इथंच मिटतो. शहरात पद्मिनी लिटरला १० ते १२ देते. ठीक सेट केलेली मारुती १६च्या खाली येत नाही.

आता काळाचं बोलू. आरसी बुकात दोन्ही गाड्यांमध्ये १४ वर्षांचं अंतर दिसतं, ते फसवं आहे. फियाट ११०० ही १९५३ सालची इटलीची गाडी. आपल्याकडं १९६४मध्ये ती '११०० डिलाइट' ह्या नावानं निघायला लागली, १९७४मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून थोड्याफार फरकानं ती थेट २०००च्या आसपासपर्यंत निघत राहिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची कंपनी, म्हणून जुन्या लोकांना ती आपली वाटायची. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली, १९८६मध्ये तिचा आकार बदलला, आणि मामांची १९९८ची गाडी त्याच बदललेल्या आकाराची. म्हणजे तुमच्या वडिलांची गाडी जन्मली १९८४मध्ये, पण तिच्यामागचा विचार पन्नासच्या दशकातला. मारुतीमागचा विचार ऐंशीच्या दशकातला. दोन गाड्यांच्या मधे तीस वर्षं आहेत, चौदा नव्हेत.

ती तीस वर्षं गाडीत दिसतात कुठं? आमच्या भाषेत सांगायचं तर पद्मिनी ही लेथची गाडी आहे आणि मारुती ही काउंटरची: एकीचा पार्ट लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, करून घ्यायचा, दुसरीचा दुकानातून आणायचा.

पद्मिनीच्या पुढच्या चाकांना किंगपिन असतात. स्टिअरिंग फिरवलं की चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन, आणि तिच्या वरखाली पितळी जातीची बुश. ग्रीस मारायचा कंटाळा केला की बुश झिजते, चाक डुगडुगायला लागतं, गाडी रस्त्यावर मेंढरासारखी भरकटते. दोनेक वर्षांमागं एक पद्मिनी अशीच आली. तयार किट दुकानात मिळालं ते मापाला सैल. मग जुनी बुश हातात घेऊन मी दोन गल्ल्या पलीकडं टर्नरकडं गेलो. त्यानं गनमेटलचा गज लेथला लावला, चहा येईपर्यंत चार बुशी उतरवून दिल्या, आतली तेलाची खाचसुद्धा कापली. मी गॅरेजात येऊन त्या दाबून बसवल्या, रिमर, म्हणजे भोक मापात आणायचं हत्यार, फिरवला. रिमर फिरवताना हाताला कळतं. शेवटच्या दोन फेऱ्यांत चुरा निघायचा थांबतो आणि नुसतं गुळगुळीत फिरतं. पिन आत सोडली, स्वतःच्या वजनानं हळूहळू उतरली. घाईनं पडली असती तर सैल, अडकली असती तर घट्ट. त्या गाडीला ही बुश आता माझ्या हयातीत लागणार नाही.

हे काम पुण्या-मुंबईत होत नाही असं नाही, पण शोधावं लागतं. कोल्हापुरात दारात आहे. फाउंड्री आहे, लेथ आहे, क्रँक ग्राइंडिंग आहे, बोअरिंग आहे, आणि तुटकी वस्तू हातात घेऊन "हुतंय की" म्हणणारा माणूस आहे. वॉटर पंपाची बॉडी फुटली, तर पॅटर्न करून ओतून घेता येते. हेड वाकलं, फेस करून घेता येतं. पाट्याची, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, शॅकल बुश, ब्रेकची लायनर, रेडिएटरचं टाकं, सगळं हातानं होण्यासारखं. ज्या जमान्यात गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, त्या जमान्याची ही गाडी. पार्ट मिळणार नाही हे गृहीत धरूनच ती चालवली जायची.

मारुतीचं उलटं. तिचा सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद नेणारा सांधा, वळणावर कटकट वाजायला लागला, तर लेथवाला काही करू शकत नाही. तो दुकानात जाऊन आणायचा आणि बसवायचा. पण तो मिळतो, हा मुद्दा. हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९पर्यंत तयार होत होती. त्यामुळं पिस्टन, रिंगा, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, सगळं काउंटरवर तासाभरात. पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन मागा, पोरगं रॅकवरून काढून देतं. अडचण आहे ती रबर, प्लॅस्टिक आणि विजेच्या बारीकसारीक वस्तूंची. दाराच्या बीडिंगा, डॅशबोर्डची बटणं, हीटरचे लिव्हर. ते मिळालं तर मिळालं. आणि ते उद्यमनगरातही ओतून मिळत नाही.

ही लेथ-काउंटरची गोष्ट एकदा ध्यानात आली की बाकीचं सोपं होतं. पद्मिनीला दर महिन्याला थोडं थोडं द्यावं लागतं: ग्रीस, पॉइंटची घासणी, टॅपेट, कार्ब्युरेटर. मारुती सहा महिने काही मागत नाही आणि मग एकदम मागते. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडायची हौस आहे का, हे तुम्ही स्वतःला विचारा. वडिलांना असणार, नाहीतर ती गाडी इतकी वर्षं राहिलीच नसती.

आता आंबा घाट. तुमच्या वापरातलं खरं अवघड काम तेवढंच आहे.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना, एका डॉक्टरांची पद्मिनी, रत्नागिरीहून परत येत होतो. मोठे मेस्त्री पुढं, मी मागं. साखरपा सोडून चढ लागला, चार-पाच वळणं झाली आणि गाडी आचके द्यायला लागली. मग बंद. डॉक्टर घाबरले, पोरं रडायला लागली. मेस्त्री शांतपणे उतरले, डॉक्टरांच्या खांद्यावरचा पंचा मागून घेतला, पाण्याच्या बाटलीत भिजवला, इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळला आणि बिडी पेटवली. "बिडी संपेस्तोवर कुणी चावी लावायची नाही." बिडी संपली. चावी लावली, दोनदा खोकली आणि सुरू झाली. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा द्रव ढकलायला बनलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो. ह्याला व्हेपर लॉक म्हणतात. पंचा पंपाला गार करतो, वाफेचं परत पेट्रोल होतं. घाटात फियाट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाकडं एक फडकं आणि पाण्याचा कॅन असायचाच. फडकं विसरलं तर धोतराचा सोगा.

मारुतीला हा त्रास क्वचितच. तिचा घाटातला धोका वेगळा आणि जास्त महाग. पद्मिनीचा रेडिएटर फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन फिरतंय तोवर फॅन फिरतो. मारुतीचा फॅन विजेवर. पाणी तापलं की थर्मोस्विच त्याला सुरू करतो. हा स्विच किंवा त्याची वायर मेली, तर सपाट रस्त्यावर पत्ता लागत नाही, कारण वाऱ्यानं काम भागतं. घाटात ट्रकमागं दुसऱ्या गिअरवर चढताना काटा लालमध्ये जातो. ज्याचं लक्ष नाही त्याचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जळतं. तापली असता पद्मिनी वाफ सोडून, शिट्ट्या मारून गाव गोळा करते. मारुती मुकाट तापते. मामांची गाडी घेतलीत तर पहिलं काम हे: इंजिन उभ्याउभ्या गरम होऊ द्या आणि फॅन आपोआप लागतो का ते कान देऊन ऐका. दुसरं काम, टायमिंग बेल्ट. कधी बदलला हे मामांना आठवत नसेल तर नवीनच टाका. पद्मिनीत त्या जागी साखळी आहे. ती झिजली की खुळखुळते, सांगते. बेल्ट काही सांगत नाही, तुटला की गाडी जागेवर उभी.

पेट्रोलबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ह्या गाड्या बनल्या तेव्हाचं पेट्रोल आता राहिलेलं नाही. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल उसापासूनही बनतं, म्हणजे आपल्याच शिरोळ-हातकणंगल्याच्या रानातला ऊस आपल्याच फियाटच्या पंपाचा पडदा खातोय असं म्हणायला हरकत नाही. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग चिरा जातात. कार्ब्युरेटरची कॉर्कची आणि जुनी कागदी पॅकिंगं सुटतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यानं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. गाडी गरम चालते, पिकअप मरतं, आणि घाटात ते वाफेचं प्रकरण वाढतं.

हे दोन्ही गाड्यांना लागू आहे, १९८४ला जास्त, १९९८ला जरा कमी. इलाज अवघड नाही. पेट्रोलची सगळी रबरी नळी इथेनॉल सोसणारी टाकायची, पंपाचा आणि कार्ब्युरेटरचा किट नवीन, कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठी करून बघायची आणि प्लगचा रंग बघत राहायचं. विटकरी आला तर बरोबर. पांढरा पडला तर अजून पातळ आहे. आणि गाडी पंधरा दिवस चालवणार नसाल तर टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेत ओल धरते.

आता पोटाखाली.

पद्मिनी असो की मारुती, दोन्हींना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच चासी. दाराखाली लांबलचक पोकळ पेटी असते तिच्यावर अख्खी गाडी तोललेली. इंजिन कितीही खराब असू दे, ते परत बांधता येतं. ही पेटी कुजली तर मात्र गाडीचा कणा गेला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने चिखल ह्या पेटीच्या भोकांतून आत जातो, वाळतो, परत भिजतो. पद्मिनीचा पत्रा जाड म्हणून ती टिकली असं सगळे म्हणतात. जाड पत्राही कुजतो, फक्त उशिरा कुजतो आणि कुजलेला लवकर दिसत नाही. वर डेंटरनं पुट्टी मारलेली असेल तर अजिबातच नाही.

म्हणून एक पेचकस घ्या, चपट्या तोंडाचा. गाडी उचलून घ्या आणि दाराखालच्या पेटीला, चाकाच्या वरच्या कमानीला, मागच्या पाट्याची टोकं जिथं बॉडीला जोडलीत तिथं, आणि बॅटरीच्या ट्रेखाली, ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो. पुट्टी भद्द वाजते. कुजलेला पत्रा वाजतच नाही, पेचकस आत जातो. पाट्याची जागा कुजलेली असेल तर मी माझ्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, की आता हे फक्त आठवणीसाठी ठेवा. मारुतीत हीच पाहणी पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीपाशी करा, बॉनेट उघडून. तिचा पत्रा पातळ, तिथं गंज लागला की वेगानं पसरतो.

मारुतीच्या बाबतीत आणखी एक, आणि हे मी पैसे घालवून शिकलोय. २०१९च्या महापुरानंतर काही महिन्यांनी मी स्वतः एक मारुती ८०० घेतली, बायकोला. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून. पॉलिश चकचकीत, नवीन सीट कव्हर, इंजिन घड्याळासारखं. गाडी बाहेरगावची आहे म्हणाला. मी मेस्त्री असून फक्त इंजिन ऐकलं आणि व्यवहार केला. पहिल्याच पावसाळ्यात वायपर बंद, मग हॉर्न, मग हेडलाइट. एके दिवशी सीट बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ, सरळ, जशी पुलाच्या खांबावर पडते. गाडी पंचगंगेच्या पाण्यात बुडालेली होती. तेव्हापासून गाडी बघायला गेलो की आधी बेल्ट ओढतो, मग कार्पेट उचलतो, मग हेडलाइटच्या आत बघतो. मामांची गाडी घरातली आहे, तरी २०१९ आणि २०२१ला ती कुठं उभी होती एवढं विचारून घ्या. त्यात मामांचा अपमान नाही.

चालवण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या पत्नी चालवणार असतील तर मारुती उजवी: हलकं स्टिअरिंग, पुढं डिस्क ब्रेक, महाद्वार रोडच्या गर्दीतून सुईसारखी निघते. पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीपासून विचार करून मारावा लागतो. त्यातही मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे का ते बघा; असेल तर एका चाकाची गळती म्हणजे चारही चाकांचा ब्रेक गेला. मागं लहान मुलं बसणार असतील तर हा मुद्दा मी शेवटी ठेवला म्हणून तो छोटा नाही. सीट बेल्ट पद्मिनीत बहुधा नसतीलच, बसवून घ्यावे लागतील. एअरबॅग दोन्हीकडं नाही.

आईंसाठी मात्र पद्मिनी. हे लोकांना पटत नाही, पण बसवून बघा. सीट उंच आहे, दार मोठं उघडतं, गुडघे दुखणारा माणूस त्यात बसतो. मारुतीत त्याला वाकून खाली उतरावं लागतं आणि बाहेर येताना कुणीतरी हात द्यावा लागतो.

कागद. दोन्ही गाड्या २० वर्षांच्या वरच्या, त्यामुळं नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी आणि २०२५मध्ये केंद्रानं अशा मोटारींची फी १०,००० रुपये केली आहे. वर राज्याचा पर्यावरण कर. पद्मिनी सहा वर्षं उभी आहे म्हणजे मुदत बहुधा संपलेली. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, तेव्हा आधी तो आकडा काढा. वडिलांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म, मामांकडून घ्यायची तर २९ आणि ३०. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुमची पद्मिनी तिथं २०३४ला पोहोचेल, पण मग ती रोज चालवता येत नाही, मेळाव्या-प्रदर्शनाला तेवढी. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघायला आपण सगळे दसरा चौकात गर्दी करतो, तसं तुमच्या गाडीचं करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

माझं मत विचारलंत तर पद्मिनी ठेवा. पेचकस आत गेला नाही, ह्या एका अटीवर. कारण भावनेचं नाही. मारुती ८०० आज नाही घेतली तर पुढच्या वर्षी दुसरी मिळेल. २०१४पर्यंत ती बनत होती, गावोगाव उभ्या आहेत. पहिल्या मालकाच्या घरातली, कुठं काय झालंय हे ठाऊक असलेली पद्मिनी एकदा दारातून गेली की परत येत नाही, आणि भंगारवाला तिला किलोवर घेतो. तुमचा वापर महिन्यातून चार-सहा दिवसांचा, त्यात तिचं जास्तीचं पेट्रोल परवडेल. आणि ती ज्या गावात दुरुस्त होते त्याच गावात तुम्ही राहता. पेचकस आत गेला, किंवा मुलांना घेऊन पावसाळ्यात घाट उतरायचं काम पत्नीवरच पडणार असेल, तर मात्र मुकाट्यानं मामांकडं जा.

आणि पद्मिनी ठेवायची ठरली तर एक घाई करू नका. मित्र येतील, नवीन बॅटरी लावतील, "बघूया लागते का" म्हणत चावी फिरवतील. सहा वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंगा गंजानं चिकटलेल्या असतात. तशी फिरवली तर रिंगा तुटतात, भिंतीवर ओरखडे येतात आणि फुकटात बोअरिंगचा खर्च. आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातानं थोडी पुढंमागं ढकला. इंजिन सुटल्याचं हाताला कळतं. ऑइल बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका. त्याला वार्निशासारखा वास येत असेल तर टाकी उतरवूनच धुवा. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझला की मग प्लग लावा. आणि इंजिन सुरू झालं, घरच्यांनी नारळ फोडला, तरी ती चालवत गॅरेजात आणू नका. व्हील सिलिंडरची रबरं सहा वर्षांत दगड झालेली असतात, पहिला ब्रेक लागतो, दुसऱ्याला पाय तळाला जातो. टो करून आणा, पुढच्या गाडीत कुणीतरी शहाणा माणूस बसवून, दोराने नव्हे तर सळईनं बांधून.